साखर (शब्द) : युरोपीय भाषांतील रूपे

इंग्रजी ‘शुगर’, फ्रेंच ‘स्युक्र’, जर्मन ‘त्सुकर’, स्पॅनिश ‘असुकार’, रशियन ‘साखर’ ही सारी संस्कृत ‘शर्करा’ या एकाच शब्दाची लेकरे. हंगेरियन आणि फिनिश या भाषा मुळात वेगळ्या कुळातल्या, पण ‘त्सुकोर’ आणि ‘सोकेरी’ म्हणून त्यांनीही तोच शब्द घेतला.

‘शर्करा’ म्हणजे खडे, रेती. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडण्याची विद्या भारतात साधली आणि त्या दाण्यांना रेतीचेच नाव मिळाले. नावात गोडी कुठेच नाही. आहे ती चिमटीत धरल्यावर बोटांना जाणवणारी कचकच. आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. प्राकृतात तिची ‘सक्करा’ झाली, मराठीत साखर.

युरोपात हा शब्द दोन वाटांनी गेला. जुनी वाट ग्रीकांची. इ. स. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ या वैद्याने ‘साक्खारोन’चे वर्णन केले आहे : भारतात आणि अरबस्तानात वेतांमध्ये मिळणारा, घट्ट झालेला एक प्रकारचा मध, दिसायला मिठासारखा, दाताखाली कुडकन फुटणारा. साखर प्रत्यक्ष चावून पाहणाऱ्याचेच हे शब्द वाटतात. त्याच काळात रोमन लेखक प्लिनीने ती फक्त औषधापुरती वापरतात असे नोंदवले. रशियन रूप याच ग्रीक वाटेचे. मॉस्कोच्या दुकानात कुणी ‘साखर’ मागितली, तर मराठी माणसाला दुभाष्या लागू नये.

दुसरी वाट फारसी ‘शकर’ आणि अरबी ‘सुक्कर’ यांची. अरबांनी ऊस सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनी अरबी उपपद ‘अल्’सकट शब्द उचलला, म्हणून त्यांच्या शब्दांच्या आरंभी ‘अ’ आहे. इटालियनने उपपद गाळले. जर्मन रूप इटालियनवरून आले, इंग्रजी रूप फ्रेंचवरून.

मलबारात शर्करेचे ‘चक्कर’ झाले होते. ते पोर्तुगीजांनी उचलले आणि त्यातून इंग्रजीत गुळासाठी ‘जॅगरी’ आला. म्हणजे ‘शुगर’ आणि ‘जॅगरी’ सख्खी भावंडे. ‘कँडी’चे मूळ मात्र वेगळे, संस्कृत ‘खंड’.

ग्रीक ‘साक्खारोन’चे लॅटिनमध्ये ‘सॅकॅरम’ झाले; त्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये उसाच्या प्रजातीला नाव दिले. 1879 मध्ये बॉल्टिमोर येथे फाहलबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासून काढलेल्या द्रव्यांवर काम करताना एक अतिगोड पदार्थ सापडला. त्याचे नाव ‘सॅकरिन’. त्यात साखरेचा कणही नाही.