आवाज कुणाचा?

‘मी आले’ आणि ‘मी आलो’. फरक एका कान्याचा. पण बँकेतून फोन येतो, तुम्ही ‘हो, मीच अर्ज केला होता, परवा येऊन गेले’ म्हणता, आणि पलीकडचा माणूस थबकतो. क्रियापद बाईचं, आवाज पुरुषाचा. मग खात्री पटवण्यासाठी जन्मतारीख, आईचं नाव, सगळं पुन्हा. (कोल्हापूरकडच्या बायका बिनदिक्कत ‘मी येतो’ म्हणतात, त्यांना कुणी अडवत नाही!)

स्पीच थेरपी शिकणाऱ्यांना ट्रान्स व्यक्तींचा आवाज हा विषय परदेशी पुस्तकातून आलेला वाटतो. खरं तर बाईचा आवाज म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी तिकीट काढून ऐकलंय. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ मध्ये ‘मानापमान’ची भामिनी, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ची रुक्मिणी. बालगंधर्वांच्या नऊवारीची नि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करायच्या. बालगंधर्व ट्रान्स होते असं म्हणायला काही आधार नाही; ते नट होते. पण वयात येताना त्यांचाही आवाज फुटलाच असणार. मग प्रेक्षकांना ऐकू येणारी ती बाई कुठून आली? यूट्यूबवर त्यांची पदं ऐका. मला तरी ती निव्वळ पट्टीत सापडत नाही. शब्द सोडण्याच्या ढंगात, ओळीच्या शेवटी आवाज अलगद ठेवण्यात सापडते.

रंगमंचाखाली मात्र चित्र वेगळं होतं. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टचा एक अख्खा भाग इंग्रजांनी हिजड्यांसाठी लिहिला. उत्तर हिंदुस्थानात त्यांची नोंदवही ठेवली गेली. नोंद झालेली व्यक्ती बायकी वेषात रस्त्यावर दिसली किंवा गाताना-नाचताना सापडली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. थिएटरात ज्याला वन्स मोअर, त्यालाच रस्त्यावर बेड्या.

वैद्यकशास्त्र या लोकांकडे वळलं ते विसाव्या शतकात. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये संस्था काढली, ती १९३३ मध्ये नाझींनी लुटली, पुस्तकं जाळली. पुढे संप्रेरकं आली, शस्त्रक्रिया आल्या, आणि आवाजाची एक विचित्र गंमत समोर आली. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात, म्हणून बहुतेक ट्रान्स पुरुषांचा आवाज काही महिन्यांत खाली उतरतो. इस्ट्रोजेन मात्र एकदा जाड झालेले तंतू पुन्हा बारीक करत नाही. ट्रान्स स्त्रीला आवाज गोळीतून मिळत नाही, रियाजातून मिळवावा लागतो.

सुरुवातीचे थेरपिस्ट आकड्यांच्या मागे लागले. पुरुषाचा आवाज साधारण १२० हर्ट्झ, बाईचा २००, चढवा वर. नुसता वर चढवलेला आवाज पुरुषाने काढलेल्या बायकी आवाजासारखाच वाटायचा आणि घसाही बसायचा. मग लक्ष गेलं ते घशा-तोंडातल्या घुमाऱ्याकडे, वाक्याच्या चढउताराकडे, श्वासाकडे. नाटक कंपन्यांच्या तालमीत हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं इतकंच. ट्रान्स आरोग्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९७९ पासून निघतात. २०११ च्या सातव्या आवृत्तीत आवाज आणि संवादाच्या उपचाराला स्वतंत्र जागा आहे.

भारतात या विषयाचं शिक्षण १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि मैसूरला सुरू झालं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला लिंगभाव आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यातलं विम्याचं कलम मी दोनदा वाचलं. शस्त्रक्रिया आहे, संप्रेरकं आहेत, चक्क लेझर आहे. आवाजाचं नाव नाही. चेहऱ्यावरचे केस कायद्याला दिसले, फोनवरचा तो थबकलेला माणूस ऐकू आला नाही.

आणि परदेशी पुस्तकातल्या सरावाच्या वाक्यांना ‘आले’ आणि ‘आलो’ ठाऊकच नाही. ती इंग्रजीत आहेत, तिथे ‘मी’ला लिंग नसतं. मराठीत काम करणाऱ्याला हर्ट्झ मोजायच्या आधी विचारावं लागतं, की स्वतःबद्दल बोलताना तुम्ही काय म्हणता. उत्तर कधी एकच नसतं. घरी ‘आलो’, ऑफिसात इंग्रजी, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवरच्या व्हॉइस नोटमध्ये, हळू आवाजात, ‘आले’. सराव त्या व्हॉइस नोटपासून सुरू करता येतो.