चिचुंद्री भिंतीकडेने का चालते?

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या पुढे, चौक हे कोळ्यांचे गाव आहे. खाडीपलीकडे वसई. अशा किनाऱ्यावरच्या गावांत रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करीत एक करडा प्राणी पळतो आणि मागे उग्र दर्प ठेवून जातो. ही चिचुंद्री. घरोघर तिला उंदीर समजून मारतात.

हा गैरसमज शास्त्रज्ञांचा नव्हता. लिनियसने १७६६ साली तिचे नाव सोरेक्स म्युरिनस असे ठेवले. म्युरिनस म्हणजे उंदरासारखा. पण प्रजाती त्याने चिचुंद्र्यांचीच दिली. (आज तिला सन्कस म्युरिनस म्हणतात.) हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी मात्र तिला 'मस्क रॅट', म्हणजे कस्तुरी-उंदीर करून टाकले. वास्तविक दात पाहिले की प्रश्न मिटतो. उंदराला पुढे पटाशीसारखे, सतत वाढणारे दात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा असते. चिचुंद्रीचे तीस दात टोकदार असतात. ती कुरतडणारी नव्हे, झुरळे आणि किडे मारून खाणारी शिकारी आहे.

मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये चुचुंद्रा नावाचे पात्र आहे. ते कधी खोलीच्या मध्यभागी येत नाही, भिंतीला धरूनच फिरते. निरीक्षण अचूक आहे. कारण मात्र भित्रेपणाचे दिले आहे! चिचुंद्रीचे डोळे अगदी बारीक असतात. अंधारात तिला वाट दाखवतात त्या लांब, हलत्या नाकाडावरच्या मिशा. भिंत म्हणजे त्या मिशांना सतत लागणारा आधार.

शिकारीत मिशांचे काम किती, हे २००६ साली मायकेल ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी चिचुंद्रीची सुमारे दोन ग्रॅम वजनाची बहीण निवडली. ही जात भारतातही आढळते. तिच्यापुढे रातकिडे सोडले. मिशा काढल्यावर तिची शिकार बिघडली. मग रातकिड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती ठेवली. तिला ना हालचाल, ना जिवंत किड्याचा वास. तरी चिचुंद्रीने हल्ला केला. किड्याच्या उडी मारणाऱ्या पायांचा आकार तिला स्पर्शाने ओळखू येत होता.

मग ती चिकचिक कशासाठी? अमेरिकेत १९६४ साली गूल्ड, नेगस आणि नोविक यांनी तिथल्या चिचुंद्र्यांवर प्रयोग केले. त्या अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून बसण्याची जागा शोधत होत्या. वटवाघळासारखी शिकार मात्र त्या प्रतिध्वनीने करताना दिसलेल्या नाहीत. परिसराचा अंदाज घेण्यापुरता तो उपयोगी पडत असावा.

उंदरांचा पिंजरा आपण भिंतीला लावून ठेवतो, त्यामुळे चिचुंद्री त्यात हमखास सापडते. सकाळी पिंजरा बादलीत बुडवण्यापूर्वी आतल्या प्राण्याचे नाकाड पाहावे. ते लांब आणि टोकदार असेल, तर पिंजरा अंगणात नेऊन उघडावा. हात मात्र लावू नये, ती चावते.