तिर्ला की आमझेरा? एका छापील चुकीची दुरुस्ती

जुन्या इंदुरातील बडा रावला हे मंडलोई घराण्याचे स्थान. होळकरांचा अंमल बसण्यापूर्वी इंदूर कसब्याची जमीनदारी या घराण्यातील राव नंदलाल यांच्याकडे होती. सवाई जयसिंगाच्या सांगण्यावरून नंदलालांनी मराठ्यांना माळव्यात वाट करून दिली आणि १७३१ साली धारजवळ तिर्ला येथे मोगल सरदार दया बहादुर मारला गेला, ही हकिकत दीर्घकाळ ग्रंथाग्रंथांतून छापली गेली.

तिर्ल्याच्या लढाईची कथा सर जॉन माल्कम यांच्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात (१८२३) आढळते. तोवर प्रसंगास सुमारे नव्वद वर्षे लोटली होती. माल्कम यांनी स्थानिक वृद्धांच्या आठवणी टिपल्या, त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. पुढे मंडलोई दप्तरातील जयसिंगाच्या नावाची पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा ऐकीव कथेला जणू कागदाचा आधार मिळाला.

ही इमारत ढासळली ती पेशवे दप्तरामुळे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. त्यांतील समकालीन पत्रांवरून निश्चित झाले की, माळव्याचा सुभेदार गिरधर बहादुर व त्याचा चुलतबंधू दया बहादुर हे दोघेही २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आमझेरा येथे चिमाजी आप्पांच्या फौजेशी लढताना पडले. त्यानंतर चिमाजी आप्पांनी उज्जैनला वेढा घातला, तेव्हा गिरधर बहादुराचा पुत्र भवानीराम शहर लढवीत होता. एकदा रणात पडलेला सरदार तीन वर्षांनी पुन्हा कसा पडावा?

सीतामऊचे महाराजकुमार डॉ. रघुबीर सिंह यांनी १९३६ च्या आपल्या माळवाविषयक इंग्रजी प्रबंधात या साधनांची छाननी केली आणि मंडलोई पत्रांच्या अस्सलपणाविषयी गंभीर शंका घेतली. सरदेसायांच्या १९४८ च्या इंग्रजी इतिहासातही आमझेऱ्याचीच तारीख आहे. असे असूनही तिर्ला आणि १७३१ ही जोडी पुनर्मुद्रणांतून टिकून राहिली. जुन्या आवृत्त्या कपाटातून काढून टाकणे हा त्यावर उपाय नव्हे. माल्कम यांच्या ग्रंथाशेजारी पेशवे दप्तराचे खंड हवेत, एवढेच.

प्रश्न केवळ सनावळीचा नाही. कोणी नंदलालांना फितूर म्हटले, कोणी धर्मरक्षक. दोन्ही निवाड्यांचा मुख्य आधार तीच पत्रे. ती बाजूला ठेवली असता उरतो तो सत्तांतराच्या धामधुमीत आपला कसबा सांभाळणारा एक जमीनदार. त्याच्या घराण्याची जमीनदारी पुढे होळकरांच्या अमलातही चालू राहिली.