भरपाई, असल्यास

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला आणि पाच महिन्यांच्या आत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग प्रतिबंधक कायदा मंजूर झाला. कायदा म्हणावा तर अगदी आटोपशीर, अवघ्या चार कलमांचा. साथ आली की सरकारने काय काय करावे याची मुभा त्यात आहे. प्रवासी तपासावेत, माणसे वेगळी ठेवावीत, नियम मोडणाऱ्याला शिक्षा करावी. या सगळ्याचा खर्च कोणी सोसायचा हे सरकारने ठरवावे, असेही त्यात म्हटले आहे. तिथेच कंसात दोन शब्द आहेत. मराठीत सांगायचे तर, ‘भरपाई, असल्यास’.

ही ‘असल्यास’ फार जुनी आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला, तेव्हा कायद्याला एकशे तेवीस वर्षे झाली होती. दुकान बंद करण्याचा अधिकार त्यात स्पष्ट निघत होता. बंद दुकानाच्या मालकाने खायचे काय, हे मात्र अजून ‘असल्यास’मध्येच होते.

आपल्या भंडाऱ्याचेच पाहू. हे पितळी भांड्यांचे गाव. तांबटांच्या हातोड्यांचा आवाज ही इथली जुनी ओळख. स्टेनलेस स्टील आले, प्लास्टिक आले आणि तो आवाज विरळ झाला, पण लग्नातल्या आंदणात पितळेचे भांडे असावे ही रीत टिकून राहिली. मोहाडी, आंधळगाव, पवनीकडे कोशाचे विणकाम चालते, तिथली करवतकाठी साडी जाणकारांना ठाऊक आहे. तांबट, विणकर, शिंपी, बांगडीवाला, सगळ्यांची वर्षाची कमाई लगीनसराईवर आणि सणावर.

२०२० साली गुढीपाडवा आला २५ मार्चला. देशभर टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. महिनाभराने २५ एप्रिलला रमजानचा पहिला रोजा होता, दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. २५ मेला ईद. म्हणजे पाडव्यापासून ईदपर्यंतचा सगळा हंगाम कुलपाआड गेला. आणि आपल्या जिल्ह्यात करोनाचा पहिला रुग्ण सापडला २७ एप्रिलला. साथ पोचण्याआधी महिनाभर कुलूप पोचले होते. कुलूप चूक होते असे मी म्हणत नाही, त्याने जीवही वाचले असतील. पण ते सर्वांच्या भल्यासाठी लावले होते, तर त्याचा खर्च कोणाच्या गल्ल्यातून गेला, हे विचारायला हवे.

संकटात धंद्याला तीन प्रकारची मदत करता येते. सवड, उधार आणि भरपाई. सवड म्हणजे ‘आज नको, उद्या दे’. उधार म्हणजे ‘हे घे, पण परत कर’. भरपाई म्हणजे ‘तुझे नुकसान आमच्यामुळे झाले, ते आम्ही भरतो’. आपल्या इतिहासात पहिल्या दोन्ही वारंवार दिसतात. तिसरी क्वचितच.

आधी मागे जाऊ. १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस इन्फ्लुएन्झाची दुसरी आणि भयंकर लाट आली. त्या काळी भंडारा मध्यप्रांतात होता आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातले मृत्यूचे प्रमाण देशातल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी होते, हजारी पन्नासच्या वर. त्यातच पाऊस दगा देऊन गेला होता, महायुद्धाने धान्य आणि कापड महाग केले होते. कामकऱ्याच्या घरात माणूस गेले की त्याच्याबरोबर धंदाही जात असे, कारण यंत्र म्हणजे त्याचेच दोन हात.

त्या वेळी मदतीचे सरकारी साधन कोणते होते? तगाई. १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याखाली बी-बियाणे आणि बैलांसाठी कर्ज मिळे, पण ते जमीन कसणाऱ्याला. सातबाऱ्यासारख्या कागदावर नाव हवे. भात्याजवळ बसणाऱ्या तांबटाचे नाव अशा कुठल्या कागदावर असणार? १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने शेतकऱ्यांच्या जोडीने कारागिरांचेही नाव घेतले, ही त्यातल्या त्यात मोठी गोष्ट. पण पतपेढीचा सभासद होण्यासाठीही आधी गाठीला थोडे असावे लागते.

एक चांगला धागाही त्याच काळात सापडतो. दुष्काळात विणकराला खडी फोडायला पाठवले की त्याची बोटे जाड होतात आणि पुढे माग चालत नाही, हे अनुभवाने कळले होते. म्हणून १९०१ च्या दुष्काळ आयोगाने विणकराला त्याच्याच धंद्यात मदत द्यावी, असे सुचवले. सूत द्या, मजुरी द्या, तयार कापड घ्या. माणूस जगवायचा तर त्याचा हुन्नरही जगवायचा, ही समज परक्या सरकारच्या कागदांत उमटली होती. ती साथीच्या कायद्यात मात्र कधी आली नाही.

आता २०२० कडे येऊ. पहिली आली सवड. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची परवानगी दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. समजा एखाद्याचे दोन लाखांचे कर्ज आहे, व्याज दरसाल दरशेकडा बारा. सहा महिन्यांत बारा हजार रुपये व्याज चढले. त्या व्याजावर पुन्हा व्याज चढले ते साधारण तीनशे चार रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचे व्याजावरचे व्याज परत करण्याची योजना सरकारने ऑक्टोबरात आणली. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने चक्रवाढ कोणाकडूनच घेऊ नये असे म्हटले, पण व्याजमाफीची मागणी मानली नाही. म्हणजे तीनशे चार परत आले, बारा हजार तसेच राहिले.

आणि ही सवडही सर्वांना नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात व्यापारी बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या होत्या. आपल्याकडचा छोटा दुकानदार पतसंस्थेत रोज पिग्मी भरतो आणि तिथूनच कर्ज उचलतो. पतसंस्था त्या परिपत्रकात नव्हत्या. व्यापाऱ्याच्या वहीतली उचल तर कुठल्याच परिपत्रकात येत नाही.

मग आली उधार. मे २०२० मध्ये केंद्राने छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांच्या कर्जांना हमी दिली. गहाण नाही, वर्षभर मुद्दलाचा हप्ता नाही. योजना पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढली आणि मार्च २०२३ अखेर संपली. तिने अनेक कारखाने वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मोजमाप पाहा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज बाकी, त्याच्या वीस टक्के नवे कर्ज. दहा लाख बाकी असलेल्याला दोन लाख. ज्याने आयुष्यभर बँकेचे कर्ज घेतलेच नाही, त्याला शून्याचे वीस टक्के.

फेरीवाल्यांसाठी जूनमध्ये स्वनिधी योजना आली, दहा हजारांचे कर्ज आणि व्याजात सात टक्के सवलत. चांगली योजना, पण शहरी हद्दीत विकणाऱ्यांसाठी. सोमवारी या गावी, मंगळवारी त्या गावी असे खेड्यांचे आठवडी बाजार करणारा माणूस कुठल्या हद्दीत बसवायचा? एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने हातावर पोट असणाऱ्यांना दीड हजार रुपये जाहीर केले. ही परत करायची नव्हती, म्हणून तिचे मोल वेगळे. पण जाहीर झालेले शब्द होते: परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, नोंदणीकृत बांधकाम मजूर.

१८८४ चा जमिनीचा कागद आणि २०२१ ची नोंदणी यांत मला एकच वाट दिसते. मदत माणसाच्या गरजेकडे जात नाही, त्याच्या नावाच्या नोंदीकडे जाते.

मग त्या दिवसांत बिननोंदीचे लोक जगले कसे? भिशीवर जगले, बायकांच्या बचत गटांवर जगले, सोने मोडून जगले. माझ्या समाजात कर्ज-ए-हसना नावाची रीत आहे, बिनव्याजी उसने. देणाऱ्याला शिकवण अशी की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि माफच केलेत तर ते अधिक चांगले. शेजारधर्माने हे जमते. पण सगळी गल्लीच बंद असते तेव्हा देणारा आणि घेणारा एकाच रांगेत उभे असतात. म्हणूनच गल्लीपेक्षा मोठे कोणीतरी लागते.

ते अशक्य नाही. जर्मनीने त्याच वसंतात पाच कामगारांपर्यंतच्या धंद्यांना तीन महिन्यांसाठी नऊ हजार युरोपर्यंत रक्कम दिली, कर्ज म्हणून नव्हे. अमेरिकेने कर्ज दिले, पण ते कामगारांच्या पगारावर खर्च केले तर माफ. ते देश श्रीमंत आहेत हे खरे, पण १९०१ चा विणकराला सूत देण्याचा सल्ला काही श्रीमंत देशाचा नव्हता.

आणि कायदा बदलत नाही असेही नाही. २०२० मध्येच या जुन्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आणि मोडतोड केलेल्या मालमत्तेच्या बाजारभावाच्या दुप्पट भरपाई, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. योग्यच झाले. म्हणजे मनात आले की भरपाईचा आकडा कायद्यात लिहिता येतो.

साथीनंतर काही दारे उघडली. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, जानेवारी २०२३ मध्ये अगदी छोट्या, कागद नसलेल्या उद्योगांसाठी उद्यम असिस्ट. या नोंदी साथीआधी असत्या तर कितीतरी घरांपर्यंत पोचणे सोपे गेले असते. वाचकांपैकी ज्यांची गिरणी, माग, भट्टी, शिलाई यंत्र असेल, त्यांनी नाव नोंदवावे. ज्यांना अर्ज भरता येतो त्यांनी शेजाऱ्याचा भरून द्यावा. आणि नगरपालिकेत, ग्रामसभेत विचारावे की आठवडी बाजारात बसणाऱ्यांची यादी आहे का, नसेल तर कधी होणार.

६ ऑगस्ट २०२१ रोजी भंडाऱ्यात एकही करोनारुग्ण उरला नाही आणि आपला जिल्हा राज्यात पहिला करोनामुक्त ठरला. त्याआधी अकराशेहून अधिक माणसे आपण गमावली होती. मृतांचा आकडा सरकारदरबारी आहे. त्या दीड वर्षात किती भट्ट्या थंडावल्या, किती माग माळ्यावर गेले, याची यादी कोणी केली असेल तर ती पुढे यावी. केली नसेल, तर अजूनही वेळ गेलेली नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)