अतिनील-ब दीप (सरीसृपगृहातील)

बंदिस्त सरीसृपांना सूर्यप्रकाशातील 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण मिळावेत म्हणून योजलेला दीप. या किरणांनी त्वचेत ड-3 जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य तयार होते, देहाच्या उष्णतेने त्याचे जीवनसत्त्व बनते, आणि ते न लाभल्यास कॅल्शियम नीट शोषले न जाऊन जबडा मऊ पडतो व हाडे वाकतात. कर्जत-खालापूरच्या मुलखात कुंपणावर ऊन खाणाऱ्या सरड्याची ही तजवीज निसर्गच करतो. खिडकीआडच्या पेटीस मात्र ती दुर्लभ, कारण साधी काच हे किरण जवळजवळ सर्वस्वी अडविते, आणि आषाढ-श्रावणात माथेरानच्या पायथ्याशी मेघाच्छादित आकाशाखाली उघड्या पडवीचाही पुरता भरवसा नसतो.

दीप उष्णतादीपाशेजारी टांगावा, म्हणजे ऊब व किरण एकाच फांदीवर पडतात; दुसऱ्या टोकास सावली हवीच. वरची जाळी किरणांचा बराच हिस्सा खाते. दिवा डोळ्यांना पूर्ववत उजळ दिसत असताही त्याचे अतिनील तेज घटत जाते, म्हणून सहा ते बारा महिन्यांच्या मुदतीने तो बदलण्याचा प्रघात आहे. मापकाने तपासणे अधिक श्रेयस्कर. घोरपड, तारा कासव आदी देशी प्राणी घरी पाळण्यास 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये मनाई असल्याने येथे हा दीप विदेशी सरीसृप व अधिकृत उपचारकेंद्रे यांच्याच कामाचा.