अ‍ॅपचं यूएक्स कसं तपासतात? एकच पद्धत का पुरत नाही?

एखादं अ‍ॅप 'सोपं' आहे हे ठरवायचं कसं? डाउनलोड किती झाले, स्टार किती मिळाले, यावरून ते कळत नाही. आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक तीन गोष्टी बघायला सांगतं: काम पूर्ण झालं का, वेळ आणि मेहनत किती लागली, आणि वापरणारा समाधानी आहे का. कोण वापरतंय, कशासाठी आणि कुठे, हेही धरायचं. या सगळ्याची उत्तरं एका पद्धतीत मिळत नाहीत.

उदाहरण: ई-पीक पाहणी

लातूर-नांदेडकडे शेती असलेल्या घरांत हे अ‍ॅप ओळखीचं आहे. आधी तलाठी करायचे ती पीक नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाईलवरून करतात. गट नंबर निवडायचा, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख भरायची आणि शेतात उभं राहून फोटो काढायचा. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि हमीभाव केंद्रावर सोयाबीन द्यायला गेलं की तिथेच गाडी अडते.

समजा, अशा अ‍ॅपचं यूएक्स तपासायचं काम तुमच्याकडे आलं.

चार पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

१. तज्ज्ञांची तपासणी (ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन): जेकब निल्सन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत. तीन-चार जाणकार ठरलेल्या नियमांवर प्रत्येक स्क्रीन तपासतात. स्वस्त आणि झटपट. पण एसीत बसलेल्या तज्ज्ञाला भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, ही अडचण कळत नाही.

२. युझेबिलिटी टेस्ट: खऱ्या वापरकर्त्याला काम द्यायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसून बघायचं. अडचण का येते, हे इथे कळतं. 'पाच माणसं पुरतात' हा प्रसिद्ध नियम मात्र जपून वापरा. दर तिघांतल्या एकाला येणारी अडचण पाच जणांत बहुधा सापडते. दहातल्या एकालाच येणारी अडचण सापडायची शक्यता फक्त ४१ टक्के. किनवटच्या डोंगराळ भागात रेंज नसणं अशातच सुटून जातं.

३. प्रश्नावली: जॉन ब्रुक यांचं १९८६ चं सिस्टिम युझेबिलिटी स्केल सगळ्यात जास्त चालतं. १० प्रश्न, ० ते १०० गुण, सरासरी साधारण ६८. (हे गुण आहेत, टक्के नाहीत.) पण चहा कसा झालाय विचारलं तर पाहुणा 'छान' म्हणणारच! तसंच इथेही होतं.

४. अ‍ॅनालिटिक्स: किती जण कुठल्या स्क्रीनवर सोडून गेले, हे हजारो लोकांचं एकदम दिसतं. का सोडलं, ते दिसत नाही.

जोडल्यावर काय कळतं?

या अ‍ॅपमध्ये एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. समजा, गावातला एक पोरगा वीस जणांची नोंद करून देतो. अ‍ॅनालिटिक्सला नोंदी पूर्ण दिसतील, वेळही कमी दिसेल. प्रश्नावली तोच भरेल, गुण चांगले येतील. दोन्ही आकडे खरे, पण काका-मावशींना स्वतःला अ‍ॅप जमतंय की नाही, हे दोन्हींतून कळत नाही. शेतात जाऊन बघितलं तरच कळेल.

क्रम कसा ठेवायचा?

- आधी अ‍ॅनालिटिक्स: लोक कुठे अडकतात ते शोधा.
- मग तज्ज्ञ: उघड चुका टेस्टच्या आधीच काढून टाका.
- मग शेतात टेस्ट: तरुण, वयस्कर, कमी रेंजच्या गावातले असे गट करा, प्रत्येक गटात पाच जण. फोन त्यांचाच वापरा.
- टेस्ट संपल्याबरोबर प्रश्नावली. अर्धवट सोडलेल्यांकडूनही भरून घ्या.
- दुरुस्तीनंतर अ‍ॅनालिटिक्स परत बघा.

निकाल जुळले नाहीत तर?

सरासरी काढून मोकळं होऊ नका. टेस्टमध्ये फोटोपाशी अडकलेल्या माणसाने प्रश्नावलीत ९० गुण दिले, तर 'नेमकं काय सोपं वाटलं?' असं त्यालाच विचारा. कदाचित मदत करणारा शेजारी सोपा वाटला असेल, अ‍ॅप नाही. काम झालं का, हे ठरवताना लोक काय करतात त्यावर भरवसा ठेवा. ते का झालं नाही, हे त्यांच्या बोलण्यातून समजून घ्या.