धनुष्कोडीची बुडालेली लाईन आणि उचल घेऊन गेलेली माणसं



पंधरा दिवस पानावर नोंद नव्हती, काहींनी फोन करून विचारलं. सगळं ठीक आहे. गावच्या यात्रेच्या बसनं रामेश्वरला गेलो होतो. निघालो तेव्हा मालदांडी फुलोऱ्यात होती, आलो तर हुरडा. पाखरांनी बांधाकडच्या चार सऱ्या साफ केल्यात, पण ते दरवर्षीचंच. आज शेताबद्दल थोडं आणि एका मेलेल्या रेल्वे लाईनीबद्दल जास्त लिहितो.

आपल्याकडं रीत अशी की रामेश्वरची वाळू काशीला न्यायची आणि काशीची गंगा रामेश्वराला घालायची. आमची काशी आधीच झाली होती, गंगेची कुपी बरोबर होती. रामेश्वरचं दर्शन झालं आणि दुसऱ्या दिवशी धनुष्कोडी ठरलं. बाकी मंडळी व्हॅननं शेवटच्या टोकापर्यंत गेली. मी आणि आमचे दाजी मुकुंदरायर सत्रम् या ठिकाणी उतरलो आणि चालत निघालो. सत्रम् म्हणजे आपलं अन्नछत्रच. या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठा राजांनीही छत्रं बांधली होती. सरफोजी राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रं आपल्याच ताब्यात राहावीत म्हणून विनंती केली होती. म्हणजे आपली माणसं या वाटेवर काही आजची नाहीत.

चालत जायचं कारण दाजी. ते कुर्डुवाडीकडं नॅरोगेजवर गँगमन होते. आपली बार्शी लाईट १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटांची लाईन. ती पुढं रुंद झाली, पण दाजींचा जीव अजून तिच्यातच आहे. कुठं जुनी लाईन आहे म्हणलं की त्यांचे पाय आपोआप वळतात.

मुकुंदरायर सत्रमपासून टोकापर्यंत नऊ-साडेनऊ किलोमीटर. आता डांबरी रस्ता आहे, तो २०१७ साली झाला. त्याआधी लोक वाळूतनं पायी नाहीतर जीपनं जायचे. जमिनीची पट्टी इतकी अरुंद की डाव्या हाताला पाल्कचा समुद्र आणि उजव्या हाताला मन्नारचं आखात. डावीकडचं पाणी तळ्यासारखं निवांत, उजवीकडचं सारखं आदळतंय. मध्ये आपण. कुठं ताडाची झाडं, कुठं नुसतं झुडूप, बाकी वाळू.

या पट्टीवरनं एकेकाळी मीटर गेजची रेल्वे जात होती. रूळ शोधायला गेलं तर दिसत नाहीत, कुठं एखादा गंजका तुकडा असला तर असला. दाजी मात्र रस्ता सोडून वाळूत उतरले, एका उंचवट्यावर पायानं वाळू उकरली आणि एक काळा दगड काढून माझ्या हातात दिला.

"पाव्हणं, वाळूच्या पट्टीवर हा दगड कुठनं येणार? ही खडी आहे. माणसानं आणून टाकलेली."

तिथनं पुढं मला ती लाईन दिसायला लागली. मध्येच उंचवटा, मध्येच नाही, परत उंचवटा. बुजलेला बांध जसा पाऊस पडल्यावर ओळखू येतो, तसा.

आता ही लाईन इथं आलीच का? देवदर्शनासाठी एवढा खर्च कोण करतो? कारण समुद्रापलीकडं होतं, सिलोनमध्ये. आणि ते कारण आपल्या ओळखीचं आहे. तांबेरा.

सिलोनच्या डोंगरात इंग्रजांनी आधी कॉफी लावली होती. कॉफीची तोडणी हंगामी. तमिळनाडूच्या कोरडवाहू भागातली माणसं आपली भातं उरकून तोडणीला जायची आणि हंगाम संपला की परत यायची. १८६९ साली तिथल्या कॉफीवर तांबेरा दिसला. तेव्हा औषध नव्हतं, उपाय नव्हता. पंधरा-वीस वर्षांत कॉफीचे मळे बसले. मग मळेवाल्यांनी चहा धरला. आणि चहाची गोष्ट वेगळी. चहाची पानं बारा महिने खुडावी लागतात. हंगामी मजूर चालत नाही, बायकापोरांसकट कायमचा मजूर लागतो. एका बुरशीनं पीक बदललं, पिकानं मजुरीची पद्धत बदलली, आणि हजारोंनी माणसं समुद्रापलीकडं न्यायची सोय करावी लागली.

रेल्वेच्या आधी ही माणसं छोट्या गलबतांतनं मन्नारला उतरायची आणि तिथनं जंगलातनं दोन-अडीचशे किलोमीटर चालत डोंगरात जायची. पटकी आणि हिवतापानं वाटेत किती मेली त्याचा धड हिशेब नाही.

त्यांना नेणारा माणूस म्हणजे कंगाणी. कंगाणी म्हणजे आपला मुकादम, दुसरं काही नाही. तो त्यांच्याच गावचा, बऱ्याचदा त्यांच्याच जातीचा. दुष्काळ पडला की गावात यायचा, उचल द्यायचा आणि टोळी बांधून न्यायचा. उचल फिटली नाही की मजूर अडकला. दुसऱ्या मळ्यावर जायचं तर नव्या मळेवाल्यानं आधी ते कर्ज भरायचं. त्या कर्जाच्या चिठ्ठीला तुंडु म्हणायचे. माणसाच्या नावावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीबरोबर माणूस इकडनं तिकडं. ही पद्धत १९२१ मध्ये कायद्यानं बंद झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कथलाचे बिल्लेही निघाले. बिल्ल्यावर मळ्याचा नंबर. तो दाखवला की प्रवास फुकट, खर्च मळ्याच्या खात्यावर.

हे मी दाजींना सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ऊसतोडीच की." मी म्हणलं, होय. आमच्या शिवारात दरसाल बीड, धाराशिवकडनं कोयते येतात. बांधावर पालं पडतात. त्यांचीही उचल असते आणि ती फिटतेच असं नाही. मी त्यांच्याकडनं ऊस तोडून घेतो, त्यामुळं मी यात कुठं बसतो हे मला माहीत आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

२४ फेब्रुवारी १९१४ ला पांबनचा पूल सुरू झाला. दोन किलोमीटरचा, समुद्रावर १४५ खांब, आणि मध्ये जहाजासाठी उघडणारा गाळा. तो गाळा माणसं हातानं फिरवून उघडायची. त्या वर्षी पलीकडं तलाईमन्नारपर्यंत रेल्वे आली. मग मद्रासला तिकीट काढायचं ते थेट कोलंबोचं. आगगाडी धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत यायची, उतरलं की समोर आगबोट, साधारण तीसेक किलोमीटर समुद्र ओलांडला की पलीकडं दुसरी गाडी उभी. म्हणून गाडीचं नावच पडलं बोट मेल. धनुष्कोडीत स्टेशन, कस्टम, पोस्ट, शाळा, चर्च, देऊळ, धर्मशाळा, सगळं उभं राहिलं.

मजुरांची सोय मात्र वेगळी. त्यांना अलीकडं मंडपम् इथं सिलोन सरकारच्या छावणीत उतरवायचे. तिथं काही दिवस अडकवून ठेवायचे, तपासायचे, देवी टोचायचे आणि मगच पुढं सोडायचे. साहेब थेट बोटीवर, मजूर आधी छावणीत. लाईन एकच.

याच लाईनीवर अब्दुल कलाम पोरवयात वर्तमानपत्राचे गठ्ठे गोळा करायचे. दुसऱ्या महायुद्धात मेल रामेश्वरला थांबायची बंद झाली, तेव्हा रामेश्वर ते धनुष्कोडीच्या वाटेवर चालत्या गाडीतनं गठ्ठे फेकायचे. त्यांचे वडील यात्रेकरूंना नावेनं धनुष्कोडीला नेत. कलामसाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय.

पाच किलोमीटर चाललो तसं जुनं गाव आलं. चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छप्पर नाही. पुढं स्टेशनचं पडकं बांधकाम आणि पाण्याच्या टाकीचे खांब. इंजिनाला पाणी भरायची टाकी. दाजी तिथं बराच वेळ उभे राहिले.

२२ डिसेंबर १९६४ ची रात्र. सिलोन ओलांडून आलेलं चक्रीवादळ मध्यरात्रीच्या सुमाराला इथं धडकलं. लाटा वीस फुटांच्या वर होत्या असं नोंदवलंय. पांबनहून निघालेली सहा डब्यांची पॅसेंजर धनुष्कोडीच्या जवळ आली होती. सांगतात ते असं, की पुढं सिग्नल मिळेना. अंधार, पाऊस, तारा तुटलेल्या. ड्रायव्हरनं थांबून लांब शिट्टी दिली, वाट बघितली, आणि शेवटी गाडी पुढं काढली. शंभराहून जास्त माणसं गाडीसकट गेली. कोणी वाचलं नाही. बातमी बाहेर यायला जवळजवळ दोन दिवस लागले. भारत आणि सिलोन मिळून त्या वादळात अठराशेच्या आसपास माणसं गेली असा आकडा सांगतात.

मी दाजींना विचारलं, तुम्ही असता तर गाडी हलवली असती का?

ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सिग्नल पडला नाही तर गाडी हलवायची नाही, हा नियम. पण दोन्ही अंगानं समुद्र, डब्यांत लेकरंबाळं, आणि स्टेशन समोर. थांबला असता तरी पाणी आलंच असतं. त्याला दोष देऊ नका."

पांबनच्या पुलाचे बहुतेक गर्डर त्या रात्री समुद्रात गेले. ई. श्रीधरन तेव्हा तरुण इंजिनियर होते. त्यांनी ते समुद्रातनं काढून ४६ दिवसांत पूल परत उभा केला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पूल जोडला तो रामेश्वरसाठी. धनुष्कोडीची लाईन परत घातली नाही. सरकारनं गाव राहण्यालायक नाही म्हणून जाहीर केलं. बोट पुढं रामेश्वरहून सुटायला लागली.

आता एक तारीख सांगतो, जी या वादळाच्या गोष्टीत सहसा कोणी सांगत नाही. वादळाच्या आधी आठ आठवडे, ३० ऑक्टोबर १९६४ ला, लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला होता. चहाच्या मळ्यावरचे ते तमिळ मजूर. १९४८ साली सिलोन स्वतंत्र झालं आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं त्यांच्यातले बहुतेक कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. दोन-तीन पिढ्या तिथं राबून. करारात ठरलं की ५ लाख २५ हजार माणसं भारतानं घ्यायची, ३ लाख सिलोननं ठेवायची, राहिलेल्या दीड लाखाचं नंतर बघू. जनावरांच्या बाजारात खांडं वाटून घेतात तशी वाटणी. त्या माणसांना कोणी विचारलं नाही.

आजे-पणजे ज्या लाईनीनं गेले, ती नातवंडांची परत यायची वेळ आली तेव्हा वाळूखाली गेली होती. पुढं कित्येक वर्षं ती रामेश्वरच्या बोटीनं येत राहिली. उतरली ती मंडपमलाच. १९८३ नंतर सिलोनच्या लढाईतनं पळून आलेले लोकही त्याच मंडपमच्या छावणीत. जाताना छावणी, येताना छावणी.

आता शेतकऱ्यासाठी एक गोष्ट, ही जरूर वाचा.

गावाच्या अवशेषांजवळ मच्छीमारांच्या झावळ्यांच्या झोपड्या आहेत. सरकारनं नाही म्हणलं तरी ती माणसं राहिलीच. एक म्हातारी वाळूतल्या उथळ खड्ड्यातनं वाटीनं पाणी भरत होती. खुणेनं विचारलं, तिनं ओंजळीत दिलं. गोडं पाणी! दोन्हीकडं पन्नास-शंभर पावलांवर समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. कारण साधं आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळं त्याच्यावर तरंगत राहतं. वाटीनं काढलं तर पुरतं. तिथं मोटार टाकून उपसलं तर खालचं खारं वर येणार, आणि एकदा आलं की लवकर जात नाही. म्हातारीनं वाटीच का धरली होती ते मला तेव्हा समजलं.

आमच्याकडं कालव्याखालच्या जमिनी कशा क्षारपड झाल्या ते तुम्ही बघताय. आपल्याला पाणी मिळालं आणि आपण वाटीचं भान सोडलं. कारण वेगळं, पण जमीन खारावली ती खारावलीच.

रामनाथपुरम् जिल्हा गाडीतनं बघितला तेव्हा सारखं आपलं माणदेश, करमाळा आठवत होतं. कोरडे तलाव, वेडी बाभूळ बोकाळलेली, मध्येच गोल मिरचीचे वाफे. पाऊस दगा देणारा मुलूख. अशाच मुलखातनं मुकादमाला माणसं मिळतात, तेव्हाही आणि आताही. चहाच्या मळ्यापर्यंत रूळ घालणाऱ्याला हे बरोबर माहीत होतं.

२०१९ साली धनुष्कोडीच्या नव्या लाईनीची पायाभरणी झाली होती, अजून रूळ काही पडलेले नाहीत. पांबनचा नवा पूल मात्र ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. 

टोकाला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मंडळी वाट बघून वैतागली होती. बहीण दाजींना सगळ्यांसमोर बोलली. मी काशीसाठी वाळू घेतली. दाजींनी तो काळा दगड पिशवीत टाकला होता, तो आता त्यांच्या तुळशीपाशी आहे.

तुमच्या शिवारातनं जुन्या नॅरोगेजचा भराव जात असेल, किंवा तुमच्या घरात कोणी तिच्यावर कामाला असेल, तर खाली लिहा. ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांकडंही विचारून बघा, त्यांच्यातलं पहिलं कोण आणि कुठल्या सालच्या दुष्काळात बाहेर पडलं. आमच्या बांधावरच्या टोळीतल्या आजींना मी परवा विचारलं. त्या म्हणाल्या, ७२ ला. पुढचं त्या संध्याकाळी सांगणार आहेत. लिहून घेईन आणि इथं टाकीन.

उद्या हरभऱ्याची घाटेअळी बघायची आहे. राम राम.